वाऱ्याची फणी : एका गोलकीपरचा लोखंडापर्यंतचा प्रवास

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियान शहरात ओंदारेता नावाची चौपाटी आहे. तिच्यावरून पश्चिमेकडे चालत गेलं की आधी वाळू संपते, मग रस्ता संपतो आणि इगेल्दो डोंगराचा पाय थेट समुद्रात उतरतो. तिथे गुलाबी ग्रॅनाइटचा, पायऱ्यापायऱ्यांचा एक विस्तीर्ण चौथरा आहे आणि त्याच्या फरशीत सात भोकं. भरतीला लाट खालच्या पोकळीत घुसली की आत कोंडलेली हवा या भोकांतून वर फेकली जाते. आधी घोरल्यासारखा आवाज, मग फूत्कार, आणि समुद्र खवळलेला असला तर त्यामागोमाग पाण्याचा फवारा. पोरं मुद्दाम भोकावर उभी राहून शर्ट फुगवून घेतात.

समोरच्या खडकांत तीन पोलादी शिल्पं रोवली आहेत. एकेकाचं वजन साधारण १० टन. खडकातून जाडजूड चौकोनी गज बाहेर येतो, त्याला फाटे फुटतात, फाटे वळतात आणि काहीतरी धरायला निघालेल्या बोटांसारखे अर्धवट मिटतात. मुठीत काहीच नाही. म्हणजे वारा आहे. या कामाचं नाव ‘पेइने देल बिएंतो’, वाऱ्याची फणी. शिल्पकार एदुआर्दो चियीदा, जन्म १९२४, याच शहरातला.

‘निसर्गातून स्फुरलेलं अमूर्त धातुशिल्प’ हे शब्द आपल्याकडे प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत इतके सैल वापरतात, की तांब्याच्या पत्र्यातून कापलेलं पिंपळपानही त्यात बसतं. म्हणून हे प्रकरण जरा जवळून पाहावंसं वाटलं. चियीदाने लाट घडवली नाही, झाड घडवलं नाही, पक्षी तर नाहीच. त्याने अशी वस्तू केली, जिच्यावर लाट येऊन आपटते. पहिली छोटी फणी १९५२ची, समुद्रातली पूर्ण झाली १९७७च्या सुमारास. मधली पंचवीस वर्षं आणि त्याआधीची काही, यांत हा माणूस पुन्हा पुन्हा एकच गोष्ट करताना दिसतो : जे हाताला सहज जमतंय ते सोडून द्यायचं.

सुरुवात फुटबॉलने झाली. १९४२-४३च्या हंगामात तो रेआल सोसिएदाद या गावच्या संघाचा गोलकीपर होता आणि चांगला होता. गुडघ्याला जबर मार लागला, शस्त्रक्रिया झाल्या, खेळ सुटला. पुढे तो सांगायचा, की गोलकीपरला जागा आणि वेळ या दोन्हींचा अंदाज एकाच क्षणी घ्यावा लागतो, आणि शिल्पकाराचं कामही तेच. हे ऐकायला मुलाखतीतलं वाक्य वाटतं, पण त्याची शिल्पं पाहताना मला ते खरं वाटायला लागलं. गोलकीपर चेंडूकडे जेवढा बघतो तेवढाच स्वतःच्या आणि खांबाच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघतो. चियीदाच्या लोखंडात नेमकी ती मधली जागा घडवलेली असते.

मग माद्रिदला वास्तुकला. तीही १९४७ मध्ये अर्धवट सोडली आणि तो चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. तिथला किस्सा प्रसिद्ध आहे. समोर मॉडेल बसलंय, सगळे झटताहेत आणि याचं रेखाटन पटकन, सुबक होऊन तयार. त्याला ते खटकलं. हात डोक्याच्या आणि मनाच्या पुढे पळतोय, असं वाटलं. म्हणून त्याने पेन्सिल डाव्या हातात घेतली. डावा हात अडखळतो, त्यामुळे डोळ्याला आणि विचाराला त्याला गाठायला वेळ मिळतो. आपल्याकडच्या कलाशाळांत ‘हात चांगला आहे’ ही सर्वांत मोठी शाबासकी असते. चियीदाला चांगला हात हीच अडचण वाटली.

१९४८ मध्ये तो पॅरिसला गेला. तिथे स्पॅनिश विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात पाब्लो पालासुएलो हा चित्रकार मित्र मिळाला, लूव्हरमध्ये प्राचीन ग्रीक शिल्पं मिळाली, आणि तो प्लास्टरमध्ये धडं करू लागला. भरीव, गोलाईदार, शांत. १९४९ मध्ये तिथल्या नावाजलेल्या ‘सालों द मे’ प्रदर्शनात त्याचं काम लागलं. पंचविशीतल्या मुलाला यापेक्षा अधिक काय हवं? पण दोनेक वर्षांत गाडी रुतली. काही केलं तरी ते त्याला ग्रीकांचं उसनं वाटू लागलं. १९५० मध्ये पिलार बेलसुन्सेशी लग्न झालं होतं आणि दोघं पॅरिसजवळच्या एका खेड्यात राहत होते. तो बायकोला म्हणाला, ‘माझं संपलं.’ ती म्हणाली, ‘सुरूच केलं नाहीस, तर संपेल कसं?’ १९५१ मध्ये दोघं गावाकडे परतली.

या परतण्याचं कारण चियीदाने पुढे प्रकाशाच्या भाषेत सांगितलं. भूमध्य समुद्राचा प्रकाश पांढरा. संगमरवर आणि प्लास्टर त्या प्रकाशाचे. आपला समुद्र अटलांटिक, आपलं आकाश बास्क प्रदेशाचं, म्हणजे सान सेबास्तियान ज्या मुलखात येतं त्याचं, ढगाळ. इथला प्रकाश काळा. काळा प्रकाश म्हणजे काय, हे ज्याने जुलैतल्या दुपारी चार वाजता रत्नागिरीच्या बंदरावर उभं राहून पाहिलंय त्याला सांगायला नको. सगळं दिसतं, पण चमकत काहीच नाही. वस्तूंचे काठ तेवढे धारदार होतात. अशा उजेडात पांढरं प्लास्टर आजारी दिसतं. निसर्गाने त्याला दिलेली पहिली गोष्ट आकार नव्हता, उजेड होता. आणि त्या उजेडात शोभेल असा पदार्थ त्या मुलखात शतकानुशतकं होताच : लोखंड. बास्क डोंगरांत लोखंडाच्या खाणी, ओढ्यांच्या पाण्यावर चालणारे भाते आणि घण, गावोगावी लोहार.

सान सेबास्तियानजवळच्या एर्नानी गावात घराजवळच मानुएल इयारामेंदी नावाच्या लोहाराची भट्टी होती. चियीदा तिथे शिकायला गेला. शिल्पकार म्हणून नव्हे, लोहारकाम शिकायला.

इथे जरा थांबायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा ऐरणीवर आहे. धातूचं शिल्प करायचे ढोबळ तीन रस्ते. एक ओतकाम : मातीत किंवा मेणात आकार करायचा, साचा घ्यायचा, वितळलेला धातू ओतायचा. यात धातू आज्ञाधारक असतो. शिल्प खरं तर मातीत झालेलं असतं, धातू फक्त त्याला टिकाऊ करतो. दुसरा जोडकाम : पत्रे, सळया कापायच्या आणि वेल्डिंग करायचं. स्पेनच्याच हुलिओ गोन्सालेसने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पॅरिसजवळ रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकून हा रस्ता शिल्पकलेत आणला. १९२८ नंतर पिकासोलाही त्यानेच मदत केली. तिसरा घडाईचा. एकच गज घ्यायचा, तापवायचा, ठोकायचा, परत भट्टीत घालायचा.

आमच्या आळीच्या टोकाला लोहाराचं पाल असायचं. उन्हाळ्यात विळे-कोयत्या शेवटायला, म्हणजे ठोकून धार काढायला, आणि पाणी द्यायला गर्दी. पालात अंधार का, असं मी एकदा विचारलं तर म्हातारा म्हणाला, ‘उजेडात लोखंडाचा रंग कळत न्हाई.’ खरंच आहे. ७०० अंशांच्या आसपास लोखंड काळपट तांबडं दिसतं. हजाराच्या जवळ केशरी, त्यावर पिवळं, आणि १३०० च्या पुढे पांढरं होऊन ठिणग्या फेकायला लागतं, म्हणजे जळायला लागलं. वळवायचं तर केशरी-पिवळ्याच्या मधे. सांडशीत धरून ऐरणीवर आणेपर्यंत रंग उतरू लागतो. हाताशी काही सेकंद. तेवढ्यात घाव घालायचा, काळं पडायच्या आत थांबायचं. गार लोखंडावर हट्टाने मारलं तर तडा जातो. पुसणं नाही, खोडणं नाही. लोखंड किती वळायचं ते काही अंशी स्वतः ठरवतं.

ज्याला स्वतःचा सफाईदार हात नकोसा झाला होता, त्याला याहून चांगला गुरू मिळाला नसता. डाव्या हाताने जे करून पाहिलं तेच आता भट्टी करत होती : हाताला थांबवत होती.

१९५१ मध्ये या भट्टीतून पहिलं लोखंडी शिल्प निघालं, ‘इलारिक’. थडग्यावरच्या उभ्या शिळेसाठी बास्क भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव. आपल्या वेशीबाहेरच्या वीरगळासारखं ते उभं राहतं. माणूस नाही, पण माणसाच्या जागी कुणीतरी आहे. प्लास्टरच्या धडांतली गोलाई गेली. शरीर गेलं. राहिलं ते उभं असणं. अमूर्ताकडे तो कुठला सिद्धांत वाचून वळला नाही. घडाईच्या लोखंडातून गोलाईदार मांडी काढता येत नाही. काढायला गेलं तर लोखंडाशी मारामारी होते. त्याने मारामारी सोडली.

पुढच्याच वर्षी पहिली फणी. हाताच्या आवाक्यातली, लोखंडी दात वर काढलेली. या काळातल्या कामांवर शेतीच्या अवजारांची सावली आहे. बास्क शेतकरी पूर्वी ‘लाया’ नावाच्या दोन दात्यांच्या लोखंडी अवजाराने जमीन उलथत. ते आणि चियीदाची सुरुवातीची शिल्पं शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतील. अवजाराचा हा वास मला महत्त्वाचा वाटतो. अवजार निसर्गाचं चित्र नसतं, पण मातीत, पाण्यात, गवतात घुसायला बनलेलं असतं. दाताळ्याचा आकार मातीने ठरवलेला असतो. फणीचा आकार वाऱ्याने ठरवायचा, एवढीच उडी बाकी होती, आणि ती मारायला पाव शतक लागलं.

मधल्या वर्षांचा हिशेब भराभर देतो. १९५४ मध्ये माद्रिदला लोखंडी कामांचं पहिलं एकल प्रदर्शन. त्याच सुमारास आरांत्सासूच्या डोंगरातल्या चर्चसाठी लोखंडी दरवाजे. त्याच चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी होर्हे ओतेइसाने चौदा ख्रिस्ती प्रेषितांचे पुतळे केले. ओतेइसा आणि चियीदा हे बास्क शिल्पकलेचे दोन मोठे आणि बराच काळ एकमेकांशी न पटलेले मानकरी. ओतेइसाने त्याच्यावर आपल्या कल्पना उचलल्याचा आरोप जाहीरपणे केला, आणि १९९७ मध्ये दोघांनी गळाभेट घेतली. आरोपात किती तथ्य यावर तिथे अजून वाद घालता येतो. मला स्वतःला ओतेइसाच्या शिल्पांतली पोकळी विचारातून आलेली वाटते, चियीदाची घणाच्या घावातून. १९५८ मध्ये व्हेनिस बिएनाले या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचा शिल्पकलेचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार. वय ३४. घडीव लोखंडात आता त्याचा हात बसला होता. आणि हात बसला म्हणजे काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे : त्याने लाकूड घेतलं, नंतर अलाबास्टर हा मऊ, प्रकाश झिरपू देणारा दगड घेतला, काँक्रीट घेतलं. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरच्या कला आणि अवकाशावरच्या छोट्या ग्रंथासाठी १९६९ मध्ये चित्रं केली. लोखंड मात्र सुटलं नाही. ते मोठं होऊ लागलं.

मोठं होणं ही साधी बाब नाही. मनगटाएवढा गज दोन माणसं ऐरणीवर फिरवू शकतात. मांडीएवढा गज नाही. आकार वाढला की माणूस आणि धातू यांच्यामध्ये क्रेन येते, तेलाची भट्टी येते, कामगारांची टोळी येते, आणि ‘घाव’ हा शब्दच बदलतो. बरेच शिल्पकार इथे नमुना करून कारखान्याला देतात आणि मोठा करून घेतात. चियीदा स्वतः कारखान्यात गेला. लेगास्पी गावात पात्रिसिओ एचेवेरिया यांचा पोलाद कारखाना होता. त्यांची बेलोटा छापाची कुदळ-फावडी, कुऱ्हाडी प्रसिद्ध. अवजारं करणाऱ्या त्या भट्ट्यांवर त्याने अनेक वर्षं मोठी कामं केली, तिथल्या कामगारांबरोबर. ठोकळा तापून बाहेर आला की तो समोर उभा असे आणि फाटा कुठे, किती वळवायचा ते तिथल्या तिथे ठरे. भट्टी मोठी झाली, रीत लोहाराचीच राहिली. मूळ खोड एक, ते चिरून फाटे काढायचे, बाहेरून आणून चिकटवायचे नाहीत. झाडाचं अनुकरण न करता झाडाची रीत उचलणं ते हे. फांदी झाडाला जोडलेली नसते, खोडातून निघालेली असते. चियीदाच्या पोलादातही तुम्हाला सांधा सापडत नाही.

आता जागा. ओंदारेताच्या टोकाचे ते खडक त्याचे लहानपणापासूनचे. तिथे येऊन बसायचं आणि या लाटा येतात कुठून, असा विचार करत राहायचं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. शहरात शिल्प बसवायचं ठरलं तेव्हा जागेबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. शंका होती संख्येबद्दल. आधी डोक्यात एकच शिल्प होतं. एकच ठेवलं असतं तर तो पुतळा झाला असता. समुद्र त्याची पार्श्वभूमी, लोक समोर, फोटो. खडकांकडे बघताबघता त्याच्या लक्षात आलं की जवळचे दोन कातळ मुळात एकाच थराचे आहेत, मधला भाग समुद्राने खाल्लाय. म्हणून या दोन कातळांवर आडव्या, एकमेकींच्या दिशेने हात केलेल्या दोन फण्या आल्या, तुटलेला थर पुन्हा सांधू पाहणाऱ्या. तिसरी दूर, एकट्या खडकावर, क्षितिजाच्या बाजूला, उभी. माझ्या मते या सबंध कामातला सर्वांत मोठा निर्णय हाच. आकार त्याने भट्टीत घडवले, पण त्यांची मांडणी भूगर्भाने केली.

आणि दुसरा निर्णय, वास्तुकार लुईस पेन्या गांचेगी याच्यासोबत काम करण्याचा. पायऱ्यांचा चौथरा आणि भोकं ही मिळून केलेली योजना. पेन्या गांचेगीचं नाव पर्यटकांच्या पुस्तकांत बारीक अक्षरांत येतं, हे अन्यायाचं आहे. भोकं नसती तर फण्या नुसत्या बघायच्या वस्तू झाल्या असत्या. ती आहेत म्हणून वारा पायाखालून येतो, कानात येतो, आणि मग तुम्ही फणीकडे बघता तेव्हा ती कशासाठी आहे ते विचारावं लागत नाही.

दहा टनांचा तुकडा खडकावर न्यायचा कसा? हेलिकॉप्टरचा विचार झाला, समुद्रातून आणण्याचा झाला, दोन्ही जमेनात. अखेर होसे मारिया एलोसेगी या अभियंत्याने पाण्यावरून तात्पुरता पूल उभारला, त्यावर रूळ टाकले आणि त्यांवरून शिल्पं सरकवत नेली. खडकात खोल छिद्रं घेऊन मुळं पक्की केली. शिल्पं बसली, पूल निघाला. तिसऱ्या फणीपर्यंत चालत जायची वाट त्यानंतर राहिली नाही.

जे नीट जमलं नाही, किंवा निदान ज्याचा हिशेब चुकता झालेला नाही, तेही सांगायला हवं. शिल्पांचं पोलाद कॉर-टेन जातीचं. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल थोड्या प्रमाणात असतं, त्यामुळे वरचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूला झाकतो. रंग लावावा लागत नाही. पण हे घडायला पोलाद ओलं होऊन पुन्हा वाळलं पाहिजे, आणि मीठ नको. इथे तर दर भरतीला खाऱ्या पाण्याचा मारा. खारं पाणी त्या गंजाला स्थिर होऊ देत नाही. पापुद्रे सुटत राहतात. समुद्रकाठच्या घरातल्या खिडकीचे गज पाहिलेत त्यांना हे नवीन नाही. म्हणजे फण्या झिजताहेत, सावकाश. काही जण याला शिल्पाचाच भाग मानतात, वारा-पाणी घडाई पुढे चालवताहेत वगैरे. मला ते पटत नाही. १० टन पोलाद ज्या मुळावर तोललंय, ते मूळच झिजायला लागलं तर काव्य बाजूला ठेवून अभियंता बोलवावा लागतो.

गंजाचा दुसरा, सुखाचा चेहरा एर्नानीजवळच्या साबालागा या जुन्या शेतघरी दिसतो. चियीदा आणि पिलार यांनी १९८०च्या दशकात ते पडकं घर आणि भोवतीची जमीन घेतली. मोठी पोलादी कामं भट्टीतून आली की तिथल्या गवतात ठेवायची, पाऊस पडू द्यायचा, रंग मुरू द्यायचा. लोणचं मुरतं तसं. शिल्पं वाढत गेली आणि २००० मध्ये त्या जागेचं ‘चियीदा लेकू’ हे संग्रहालय झालं. दोन वर्षांनी चियीदा गेला. खर्च झेपेना म्हणून २०११च्या सुरुवातीला संग्रहालय बंद पडलं, २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. आता तिथे बीच आणि ओकच्या झाडांमध्ये शिल्पं उभी आहेत, हात लावता येतो, आणि तो व पिलार तिथेच एका मॅग्नोलियाच्या झाडाखाली आहेत.

फण्या बघायला कोणी जाणार असेल तर एक सांगतो : भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला भोकं गप्प असतात. आणि हिवाळी वादळात गेलात तर दुरूनच बघावं लागेल. अशा वेळी तो भाग बंद करतात आणि चौथऱ्यावर माणसांऐवजी पाणी उभं असतं.